पोटात जागा ठेवून मुंबईला

निकालाच्या दिवशी, १ मेला, झेंडावंदन आटोपून मुलं प्रगतिपुस्तकं घेऊन पळाली की शाळेच्या व्हरांड्यात पालकांचा एक निवांत घोळका उरतो. यंदा त्यातल्या एका आईनं मला फोन पुढे करून दाखवला. ‘बाई, आम्ही चाललोय मुंबईला. तीन दिवस, फक्त खायला. ही यादी बघा, काही राहिलंय का?’ यादीत २३ ठिकाणं होती. वडापावची चार, मिसळीची तीन, फालुदा, कबाब, बेरी पुलाव, कुठलं तरी काळं आईस्क्रीम. मी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘यात पोरीला भूक कधी लागणार?’

ती हसली. मला काही हसू येईना, कारण अशीच यादी मी स्वतः केलेली आहे, आणि ती भोगलेलीही आहे.

माझं माहेर सांगलीचं, सासर पाटण तालुक्यातलं, नोकरी साताऱ्यात. चार वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको दोन्ही मुलांना घेऊन अशाच ‘खाद्यसहली’ला मुंबईला गेलो. थोरला तेव्हा आठ वर्षांचा, धाकटी पाच. सकाळी वडे, तासाभरात डोसे, दुपारी पुलाव, चारला फालुदा, संध्याकाळी चौपाटीवर भेळ आणि वर गोळा. प्रत्येक ठिकाणी मी आधी फोटो काढायचे आणि मग ‘खा की, एवढ्या लांब आलोय’ म्हणायचे. रात्री टॅक्सीत धाकटीनं सगळा दिवस माझ्या मांडीवर परत दिला. टॅक्सीवाले भैया एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या सीटखालचा वर्तमानपत्राचा गठ्ठा काढून मागे दिला. ही वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आलेली नव्हती, हे त्या गठ्ठ्यावरूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं अंथरुणातूनच विचारलं, ‘आई, आज पण खायचंय का?’

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याला विचारलं, मुंबईत काय आवडलं? तो म्हणाला, काकूची आमटी.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही परत गेलो, त्या वेळी काय केलं ते तुम्हाला सांगते. यात माझी हुशारी फारशी नाही. निम्मं तर सासऱ्यांमुळे झालं. त्यांना मी मामा म्हणते.

आधी जायचं-यायचं. साताऱ्याहून मुंबईला एसटी सोयीची. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास मोफतच. मामा ७६ वर्षांचे, त्यांनी आधारकार्ड खिशातून काढून कंडक्टरला दाखवलं ते अशा थाटात, की जणू गाडीच त्यांची. सांगलीकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी पडते, झोपून सकाळी मुंबई. पण सातारकरांनो, लहान मुलांना घेऊन महालक्ष्मीच्या फंदात पडू नका. आपलं स्टेशन पडलं गावाबाहेर माहुलीला, गाडी येते मध्यरात्रीच्या आसपास. अर्धवट झोपेतलं पोर पहिल्या दिवशी काहीही धड खात नाही. परतीला मात्र आम्ही कोयना एक्सप्रेस घेतली, आणि त्यामागे कर्जतचा वडा होता. त्यावर नंतर येते.

आता मुक्काम. आपल्याकडच्या कुठल्याही घराचं मुंबईत कुणी ना कुणी असतंच, आणि बहुतेक वेळा ते आता मुंबईत नसून कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथं असतं. माझा दीर माथाडी कामगार. वाशीच्या फळबाजारात आहे, कोपरखैरण्यात राहतो. पाहुण्याकडे उतरून बाहेर खात हिंडायचं, हा नाजूक मामला आहे. पहिल्या खेपेला मी जावेला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं तिन्ही रात्री मटण, वडे, आमटी-भात रांधून ठेवलं आणि आम्ही तिन्ही रात्री ढेकर देत घरी पोचलो. ती काही बोलली नाही, पण तिसऱ्या रात्री ताटं वाढायलाच आली नाही. या वेळी आठ दिवस आधी फोन केला. ‘सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण तुझ्याकडं. पण रात्री फक्त आमटी-भात किंवा पिठलं-भाकरी. दुसरं काही केलंस तर मी लॉजवर उतरेन.’ ती म्हणाली, ‘वहिनी, लोक काय म्हणतील?’ म्हटलं, लोक साताऱ्यात आहेत. जाताना कंदी पेढे, सांगलीचं भडंग आणि घरची चटणी नेली. आपल्याकडची चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल मसाला. मुंबईत चटणी म्हटलं की हिरवं काहीतरी पुढे येतं. जावेला पेढ्यांपेक्षा चटणीच्या डब्याचा आनंद जास्त झाला.

मग यादी. दिवसाला दोनच ठिकाणं, एक जेवणाचं आणि एक चहा-खाऊचं. मधल्या वेळेत चालायचं, बघायचं, बसायचं. पोर ‘भूक लागली’ म्हणत नाही तोवर कुठल्या दारात शिरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, करायला फार अवघड जातं. आपण आया प्रवासात घाबरट होतो. दोन तास झाले की पिशवीतून काहीतरी काढून मुलांच्या तोंडात कोंबतो. शाळेत हीच मुलं सकाळी दहाला भाकरी खाऊन येतात आणि दुपारी दोनपर्यंत हूं की चूं करत नाहीत, हे मी रोज बघते. मी तीन दिवस पिशवीत पाणी, लिंबू-मीठ-साखरेची बाटली आणि औषधं, एवढंच ठेवलं. बिस्किटाचा एक पुडासुद्धा नाही. थोरला पहिल्या दिवशी माझ्यावर चिडून होता.

पण मला सांगा, मुंबईत जे जे खाण्याचं म्हणून गाजलं, ते कुणासाठी तयार झालं? वडापाव बघा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो पहिल्यांदा विकला गेला, असं सांगतात. गिऱ्हाईक कोण, तर लोकल गाठायला पाच मिनिटं उरलेला माणूस. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात खाणं, बसायला जागा नाही. १८९० पासूनचे डबेवाले आले ते सकाळी सातला घर सोडणाऱ्या माणसाला दुपारी घरचं मिळावं म्हणून. माटुंग्याची उडुपी बोर्डिंगं चालली ती दक्षिणेतून एकट्यानं नोकरीला आलेल्या कारकुनांवर. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसू देत, तेव्हा तिथंही खोलीत जागा नसलेला माणूसच बसलेला असायचा. हे सगळं भुकेल्या, घाईतल्या, घर लांब असलेल्या माणसांसाठी शिजलेलं अन्न आहे. आणि आपण तिथं भरल्या पोटी, गाडीतून उतरून, फोटो काढायला जातो.

पहिल्या दिवशी माटुंगा. ठाण्यावरून धीम्या लोकलनं, अकरा वाजून गेल्यावर. मुलांना घेऊन सकाळी नऊच्या लोकलमध्ये चढणं हे धाडस नव्हे, मूर्खपणा आहे. आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठल्या लाईनवर आहे ते वाचा. स्टेशनजवळच रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. रांग होती. रांगेत पाऊण तास गेला आणि मी मनातून खूष होते, कारण जिन्यात तूप-हिंगाचा वास सुटलेला आणि थोरल्याचं पोट गुरगुरताना मला ऐकू येत होतं.

केळीचं पान समोर आलं. त्यावर पाणी शिंपडून पुसायचं, हे मुलांना घरच्या सत्यनारायणामुळे माहीत होतं. भाज्या, पापड, पुऱ्या झाल्या, भात आला, आणि वाढपी रसमची बादली घेऊन उभा राहिला. रसम म्हणजे पाण्यासारखं पातळ. पानाला कडा नाही. धाकटीनं माझ्याकडं बघितलं, मी मुद्दामच दुसरीकडं बघितलं. वाढप्यानं बोटानं खूण करून भातात खळगा करायला सांगितलं. थोरल्यानं मग शेताला घालतात तसा भाताचा गोल बांध घातला, चारी बाजूंनी थापला आणि म्हणाला, ‘सोडा.’ रसम आत साठलं. त्याच्या डोळ्यांत तो विजय मावत नव्हता. तेवढ्यात धाकटीचा बांध एका अंगानं खचला आणि लाल ओघळ पानावरून थेट आजोबांच्या पानाच्या दिशेनं निघाला. मामा शांतपणे म्हणाले, ‘कोयनेचं दार उघडलं वाटतं.’ आणि त्यांनी आपल्या भाताचा एक मोठा घास मध्ये आडवा टाकून पूर थोपवला. शेजारच्या टेबलावरचे दोघे अनोळखी आजोबा हसायला लागले. जेवण कसं होतं म्हणून विचाराल तर उत्तम होतं, पण मुलं आजही सांगतात ती बांधाची गोष्ट.

तिथून निघताना थोरल्यानं विचारलं, की आता पुढे काय खायचं? म्हटलं, काही नाही. रात्री काकूची आमटी.

दुसरा दिवस मामांचा. मामा वयाच्या विसाव्या वर्षी गावातून मुंबईला गेले, १९६९ साली, आणि लालबागच्या गिरणीत लागले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत ही गोष्ट आहे; तुमच्याही घरात शोधा, सापडेल. मला लग्नाला १५ वर्षं झाली, तरी ‘मामा गिरणीत होते’ यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. मुलांना तर गिरणी म्हणजे पिठाची.

करी रोडला उतरलो. मामा पुलावरच थांबले. समोर काचेचे उंच टॉवर. ‘हितं भोंगा व्हायचा,’ एवढंच म्हणाले. मग गल्ल्यांतून चालत एका कोपऱ्यावर आले. त्यांच्या गावकीचा गाळा तिथं होता. एका खोलीत वीस-बावीस माणसं. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. स्वयंपाकाला जागा कुठली? जेवण खानावळवाल्या बाईकडं, महिन्याच्या हिशेबानं. ती बाई रत्नागिरीकडची, तिचा नवराही गिरणीतच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती रोज पंधरा जणांना जेवू घालायची. पहिले काही महिने मामांना भात जाईना. ‘भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचंच न्हाय. मग बाईनं माझ्यापुरती तांदळाची भाकरी थापायला सुरुवात केली. म्हणाली, जोंधळ्याची मला येत नाही.’

अशा बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. सगळं उधारीवर: वाण्याचं देणं, त्यावर सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मुंबईच्या खाण्यावर एवढं लिहिलं-दाखवलं जातं, त्यात इराणी येतो, उडुपी येतो, पारशी येतो. या बाईचं नाव क्वचित येतं. तिनं दुकान काढलं नाही, पाटी लावली नाही. ती बंद झाली तेव्हा कुणी ‘शेवटचा दिवस’ म्हणून रांगाही लावल्या नाहीत.

आमच्या यादीत त्या दिवशी जेवण म्हणून काय होतं? मामांचा गुरुवार असतो, म्हणून आम्ही मुद्दाम बुधवार धरला होता आणि परळकडच्या एका साध्या मालवणी खानावळीत गेलो. (तुमच्या घरात गुरुवार, शनिवार, चतुर्थी काय काय आहे ते आधी कॅलेंडरवर टिकमार्क करून घ्या, नाहीतर मासळीच्या दारात उभं राहून भांडणं होतात. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका.) आपल्याकडच्या मुलांना बोंबील माहीत असतो तो बाजारातला वाळका, काडीसारखा, वास मारणारा. इथं ताटात आलेला ओला बोंबील रवा लावून तळलेला, वरून कुरकुरीत आणि आत इतका मऊ, की धाकटी म्हणाली, ‘यात दही भरलंय.’ काटा तिनं सापडेपर्यंत शोधला. सुरमईचे काटे मात्र मी काढून दिले. मासे खायची सवय नसलेल्या मुलाला काट्यासाठी रागावू नका, ते घास गिळायलाच घाबरतं. पहिल्या दिवशी बोंबील, मांदेली असलं काही द्या, नाहीतर आमटीचा नुसता रस आणि भात.

जेवण झाल्यावर लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत गेलो. मे महिन्यात तिथं वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रीघ असते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, भाजण्याचा खाट, डंकावर कुटण्याचा दणका. गल्लीच्या तोंडाशीच मुलं शिंकायला लागली. एका दुकानात धाकटीनं हळकुंडांच्या पोत्यात हात घालून विचारलं, ‘ही कुठली?’ दुकानदार म्हणाला, ‘सांगलीची, एक नंबर.’ तिनं मान ताठ केली आणि त्याला सांगितलं, ‘माझी आजी पण सांगलीची.’ दुकानदारानं हळकुंडाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीतल्या पेवांत ही हळद साठवायचे, हे मी तिला सांगायला लागले. पण ती आता पोत्यांवरच्या मिरच्यांचे देठ मोजत होती. जाऊ दे. तुकडा अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला दीर म्हणाला, ‘कुणाला यायचंय बाजारात?’ मला वाटलं मुलं उठणार नाहीत. दोघंही उठली. दिराला मे महिन्यात रजा मिळत नाही, हापूसचा हंगाम. घाऊक फळबाजार १९९६ मध्ये मुंबईतून वाशीला आला, आणि त्याबरोबर आपली माणसंही खाडी ओलांडून इकडं आली. दिव्यांच्या उजेडात ट्रकमागून ट्रक, पेट्यांच्या थप्प्या, सगळीकडं पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा वास, आणि कानावर पडणारी भाषा कराड-पाटण-जावळीची. ‘आरं सरक की बाजूला’ ऐकून थोरला थक्क झाला. म्हणाला, ‘आई, हे तर आपल्यासारखंच बोलतात.’ काकानं त्याला पाठीवर पेटी कशी घ्यायची ते दाखवलं, रिकाम्या पेटीनं. मग भरलेली उचलायला सांगितली. उचलली नाही. असल्या पेट्या काका रात्रीत किती उचलतो, ते त्यानं विचारलं. काका म्हणाला, मोजत नाही, मोजलं की जड होतं.

माथाडींचा कायदा १९६९ चा. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. दीर ते नाव घेताना अजून कपाळाला हात लावतो. सहा वाजता त्यानं डागी म्हणून बाजूला काढलेले चार आंबे आणले, तिथंच पाण्यानं धुतले, आणि मुलांनी उभ्यानं, कोपरापर्यंत रस ओघळत खाल्ले. माझ्या मते तीन दिवसांतलं सगळ्यात उत्तम खाणं ते. कुठल्याही यादीत ते नव्हतं, आणि त्याला पैसेही पडले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी धोबी तलावला कयानीत गेलो. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. ब्रून मस्का चहात बुडवला नाही तर टाळूला लागतो, हे थोरल्याला स्वतःच्या टाळूवरून कळलं. तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची शिल्पं कोरली आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांची. खाली आंबे घेणाऱ्यांच्या गर्दीत कुणी मान वर करत नाही. या मंडईला आता महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे. फुल्यांचं मूळ गाव आपलं खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि ‘महात्मा’ ही पदवी त्यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईतच दिली गेली. हे एवढं मी मुलांना सांगितलं, बाकीचा अभ्यास शाळेला ठेवला. समोर बादशाहमध्ये फालुदा होता. तो दोघांत एक घेतला. चौपाटी, मोहम्मद अली रोड, कबाब, पावभाजी सगळं राहिलं. राहू दे की.

मिसळ मात्र यादीतून काढाच. मुंबईची मिसळ वाईट असते असं नव्हे, पण आपल्या पोरांना ती गोडसर लागते आणि पोरं भर हॉटेलात मोठ्यानं तसं म्हणतात.

दोन-चार गोष्टी आईनं आईला सांगायच्या, म्हणजे व्यवहाराच्या. खाण्याच्या ठिकाणापेक्षा शौचालयाची जागा आधी हेरून ठेवा; बसून जेवायचं हॉटेल दुपारी घेतलंत तर ही अडचण सुटते. कापून ठेवलेली फळं, बर्फाचं सरबत, उघडी हिरवी चटणी यांच्यापासून पहिले दोन दिवस लांब राहा. समोर कढईतून निघणारं काहीही त्यापेक्षा बरं. मेमधली मुंबईची हवा घामानं निथळवते, आणि आपली कोरड्या उन्हातली मुलं तहान लागल्याचं सांगत नाहीत. आणि डबेवाले बघायचे असतील तर साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर उभं राहा, पण एप्रिलमध्ये गावच्या जत्रेसाठी ते काही दिवस रजेवर असतात. सुट्टी कुणाला नको?

एक गोष्ट मला सासूबाईंनी सुचवली होती. त्या आल्या नाहीत, म्हशीची धार कोण काढणार. पण म्हणाल्या, ‘पोरांच्या हातात काम द्या, मग ती खायला मागत न्हाईत सारखी.’ म्हणून जागा थोरल्यानं निवडायच्या आणि हिशेब धाकटीनं ठेवायचा. नऊ वर्षांची पोर, नवी वही, समास आखलेले. पहिल्या पानावर ‘मुंबईचा खर्च’. वाढप्याला दिलेले दहा रुपयेसुद्धा तिनं लिहिले, आणि पुढं ‘हे बक्षीस’ असा शेरा. आंब्यांसमोर शून्य लिहून तिनं शून्याला दोनदा गिरवलं होतं.

परतीची कोयना एक्सप्रेस सकाळची. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून इंजिन जोडतात, तेवढा वेळ गाडी थांबते, आणि फलाटावरून दिवाडकरांच्या वड्यांचा पुकारा सुरू होतो. मुलांना सकाळपासून काही दिलं नव्हतं. वडे गरम, पाव मऊ, सुकी लाल चटणी. थोरल्यानं दोन संपवले. मामांनी एकच घेतला आणि तोही हातात धरून खिडकीबाहेर बघत बसले.

‘आबा, खा की,’ धाकटी म्हणाली.

‘खातो. ह्यो वडा मी १९८३ ला सोडला होता. भूक होती, पैसे नव्हते.’

मग ते पहिल्यांदाच बोलले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत महिने गेले. गाळ्यातली निम्मी माणसं गावी गेली. मामा राहिले. खानावळवाली बाई म्हणाली, पगार झाला की द्या. तिचा स्वतःचा नवरा संपावर. तरी ती तांदळाची भाकरी थापत राहिली, आधी दोन, मग एक. तीन महिन्यांनी मामांनाच जेवण जाईना. एके दिवशी बाई पाण्याला गेली असताना त्यांनी वळकटी बांधली आणि ओळखीच्याकडं जाऊन राहिले. पुढच्या वर्षी गावी परतले. दोन-तीन वर्षांनी पैसे घेऊन गेले तेव्हा खोलीत दुसरीच माणसं होती. बाई कोकणात गेली म्हणाले, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. परवा आपण त्या कोपऱ्यावर थांबलो, तो तिचा जिना होता.

‘किती पैसे होते, आबा?’

‘महिन्याला नव्वद.’

मागचं इंजिन लागलं, डब्याला हिसका बसला. धाकटीनं वही काढली. बोगद्यात अंधार झाला म्हणून ती थांबली, उजेड आला की परत लिहायला लागली. घरी आल्यावर मी हिशेब बघायला वही उघडली. कर्जतच्या वड्यांच्या खाली, समासाच्या आत, नीट ओळीत लिहिलं होतं: ‘आबांच्या खानावळीचे द्यायचे राहिले, २७० रुपये.’ एकूण बेरजेत तिनं ते धरले होते.